पीळ: प्रकाशाने आकसणाऱ्या जेलचं मॉडेल, कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

रसायनशास्त्रज्ञ फ्रेझर स्टॉडर्ट ३० डिसेंबरला गेले, वय ८२. काल बारावीच्या वर्गात सांगितलं. रासायनिक बंध शिकवताना त्यांचं नाव घेतो मी दरवर्षी, म्हणून. २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं होतं. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या झाँ-पिएर सोव्हाज यांनी १९८३ मध्ये रेणूच्या दोन कड्या एकमेकींत अडकवल्या. स्टॉडर्ट यांनी १९९१ मध्ये रेणूच्याच दांडीवर कडी ओवली. आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या बेन फेरिंगा यांनी १९९९ मध्ये प्रकाश पडला की एकाच दिशेने फिरत राहणारी रेणूची मोटर केली. हे एवढं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न: "पण सर, ती मोटर फिरून करती काय?"

रास्त प्रश्न आहे. एक नॅनोमीटरची वस्तू द्रावणात गरागरा फिरली काय नि न फिरली काय, बाहेर कुणाला पत्ता लागणार? त्याचं मला आवडणारं उत्तर २०१५ चं आहे, तेही स्ट्रासबर्गचंच. निकोला ज्युझेपोन यांच्या गटाने या मोटरी पॉलिमरच्या साखळ्यांना बांधून त्यांचं जेल केलं. त्यावर अतिनील प्रकाश टाकला. आत मोटरी फिरल्या, साखळ्यांना पीळ पडत गेला आणि अख्खं जेल डोळ्यांना दिसेल एवढं आकसलं.

फळ्यावर काढून दाखवलं, पण चित्रात पीळ दिसत नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे, तोवर याचं चालतं मॉडेल करायचं ठरवलं. अकरावीची दोन पोरं मदतीला येतो म्हणाली. आज यादी केली: एन-२० जातीच्या छोट्या, गिअरच्या मोटरी सहा (६ व्होल्ट, मिनिटाला ३० फेऱ्या), २ मिमीची नायलॉन दोरी, प्लायवूडची फळी, आयहूक.

८ जानेवारी, बुधवार

पहिली जोडणी प्रयोगशाळेतल्या स्टँडवर. मोटर उलटी टांगली, तिच्या दांडीला ॲक्रिलिकची चकती, चकतीच्या दोन भोकांतून खाली दोन दोऱ्या. दोऱ्यांच्या टोकाला लाकडी पट्टी, पट्टीला अर्धा लिटर पाण्याची बाटली. बटण दाबलं. मोटर फिरली, दोऱ्या फिरल्या आणि बाटलीही त्यांच्याबरोबर गोल गोल फिरायला लागली. जत्रेतल्या पाळण्यासारखी. पीळ शून्य. पोरं हसून हसून खाली बसली.

मीही हसलो, पण हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी होती. खालचं टोक धरल्याशिवाय पीळ पडणारच नाही. सुटा रेणू द्रावणात फिरला तर भोवतालच्या रेणूंच्या धडकाधडकीत त्याचं फिरणं विरून जातं. म्हणून तर त्या लोकांना जाळं लागलं: मोटरच्या वरच्या अर्ध्याला दोन साखळ्या, खालच्या अर्ध्याला दोन, आणि त्या साखळ्यांची दुसरी टोकं आणखी कुठल्यातरी मोटरीला. प्रत्येकीने दुसरीला धरून ठेवायचं.

११ जानेवारी, शनिवार

पट्टीच्या दोन्ही बाजूंना उभे बांबू लावले. आता पट्टी वर-खाली सरकते, फिरत नाही. दोरीची लांबी ३०० मिमी. मोजमाप घेतलं. एक पोरगा फेऱ्या मोजतोय, दुसरा मोजपट्टी धरून.

पहिल्या १० फेऱ्या झाल्या, बाटली फक्त ६ मिमी वर. "सर, हे काय चालंना," म्हणाला. २० फेऱ्यांना २६ मिमी. ३० फेऱ्यांना ६२ मिमी. शेवटच्या दहा फेऱ्यांत बाटली नजरेसमोर चढताना दिसली.

घरी येऊन गणित मांडलं. दोरी ही काटकोन त्रिकोणाचा कर्ण. पिळाने ती मध्यरेषेभोवती जेवढी गुंडाळली गेली ती एक बाजू, उरलेली उंची ही दुसरी. २ मिमीच्या दोन दोऱ्या एकमेकींवर बसल्या की प्रत्येकीचा मध्य अक्षापासून १ मिमीवर, म्हणजे एका फेरीला ६.२८ मिमी गुंडाळी. ३० फेऱ्यांना १८८ मिमी. ३०० चा वर्ग वजा १८८ चा वर्ग, त्याचं मूळ २३३ आणि काही. म्हणजे ६६ मिमी आकसायला हवी होती. आम्हाला ६२ मिळाली. दोरी मऊ आहे, दाबली जाते, चार मिलिमीटर तिथे गेले. पायथागोरस एवढा उपयोगाचा पडेल असं दहावीत वाटलं नव्हतं.

सुरुवातीच्या फेऱ्या वाया गेल्यासारख्या वाटतात, पण सगळा हिशेब फेऱ्यांच्या वर्गात (स्क्वेअरमध्ये) आहे. पीळ दुप्पट केला की आकसणं साधारण चौपट.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. दोरी पोरांनी पतंगाला नेली नाही एवढंच नशीब.

१९ जानेवारी, रविवार

मॉडेलशेजारी ठेवायच्या कार्डावर रेणूची मोटर कशी चालते ते लिहायचंय. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. चौथं असं:

रेणूचे दोन अर्धे, मधे कार्बन-कार्बन दुहेरी बंध. दुहेरी बंधाभोवती फिरता येत नाही असं आपण अकरावीत शिकवतो, आणि एरवी ते खरंच आहे. दोन्ही अर्धे अंगाने भरलेले. एसटीच्या दोघांच्या सीटवर तिघं बसले की जसे खांदे तिरके करून बसतात तसे ते मुरडून बसतात. प्रकाश शोषला की बंध क्षणभर सैल होतो आणि वरचा अर्धा जवळपास अर्धी फेरी मारून पलीकडे जातो. पण तिथे तो अवघडून बसलेला असतो. मग उष्णता त्याला हलवून हलवून खालच्या अर्ध्यावरून पुढे घसरवते आणि तो ऐसपैस बसतो. तिथून मागे येणं म्हणजे चढ चढणं. परत प्रकाश, परत उष्णता. अशा चार पायऱ्यांत एक फेरी पुरी.

ढकलायचं काम प्रकाशाचं, पण माघारी येऊ न देण्याचं काम उष्णतेच्या पायरीचं. सायकलच्या फ्रीव्हीलमधला तो टिकटिक करणारा कुत्रा असतो ना, तसं. १९९९ च्या पहिल्या मोटरीला यातल्या एका पायरीसाठी ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागायचं. पुढे अर्ध्यांचे आकार बदलत बदलत २०१४ पर्यंत सेकंदाला १ कोटी २० लाख फेऱ्यांपर्यंत मजल गेली.

आमची एन-२० अडीच सेंटीमीटरची. रेणूच्या मोटरीपेक्षा अडीच कोटी पट लांब आणि मिनिटाला ३० फेऱ्या. असो.

फेरिंगा शेतकऱ्याच्या घरचे, दहा भावंडांतले दुसरे, हे घरी तात्यांना जेवताना सांगितलं. "मग शेताकडं कोण बघतंय?" एवढंच विचारलं त्यांनी.

२१ जानेवारी, मंगळवार

प्रकाशाचं सर्किट केलं. एलडीआर (उजेड ओळखणारा भाग), ट्रान्झिस्टर, बॅटरी. टॉर्च मारला की मोटर सुरू, काढला की बंद. बीसी५४७ लावला होता, तो दोन मिनिटांत तापून गेला. त्याची झेप १०० मिलीअँपिअरची आणि दोऱ्या ताणल्या की मोटर त्याहून जास्त मागते. बीडी१३९ लावला, गप चालला. पोरं खूश. टॉर्च मारून मारून त्यांनी एक सेल संपवला.

२३ जानेवारी, गुरुवार

रात्री झोप येईना म्हणून उठून लिहितोय. परवाचं सर्किट लबाडी आहे.

टॉर्च जवळ धरा, लांब धरा, मोटर तेवढ्याच वेगाने फिरते. कारण जोर बॅटरीचा आहे, प्रकाश नुसती शिट्टी मारतोय. खऱ्या रेणूला बॅटरी नाही. प्रकाश हेच त्याचं खाणं. जेलमध्ये जो पीळ साठतो तो त्या प्रकाशाच्याच ऊर्जेतून. बघायला आलेल्याला टॉर्चचं मॉडेल जास्त आवडेल हे मला माहीत आहे, पण नेमकी तीच चुकीची गोष्ट तो घरी घेऊन जाईल.

सौर पॅनेल लावायचं. ६ व्होल्ट, १ वॉटचं छोटं मिळतं. कडक उन्हात दीडशे मिलीअँपिअरच्या आसपास देतं, त्यावर दोन मोटरी हलक्या ओझ्याने फिराव्यात. अडचण एकच: प्रदर्शन हॉलमध्ये असतं. मुख्याध्यापकांकडे दक्षिणेकडचा व्हरांडा मागितला. "उन्हात कोण उभं राहणार?" म्हणाले, पण दिला.

२४ जानेवारी ते १० फेब्रुवारी

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा. टायट्रेशन, क्षार ओळखणे, जर्नल तपासणे. मॉडेल कपाटावर, वर धूळ. एकदाच काय ते कपाट उघडलं, तेही ब्युरेट काढायला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तीन पॅनेलं आली. मोटरींपैकी एक आतून घसरतेय, दांडी फिरते पण जोर नाही. दुकानदाराला फोन केला. "सर, चालू करून बघितली म्हणजे परत घेता येत नाही." चालू केल्याशिवाय बिघडलीय हे मला कसं कळावं, हे काही त्याने सांगितलं नाही. दुसरी विकत घेतली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

फळीवर ड्रॉवरचं चॅनेल बसवलं. त्याच्या दोन सरकत्या भागांवर दोन मोटरी, समोरासमोर तोंड करून. मधे दोरीची जोडी. दोन्ही मोटरींना मागून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बाहेर ओढलेलं. जेलचा स्वतःचा ताण म्हणजे ती ट्यूब. पीळ पडला की मोटरी जवळ येणार, पीळ गेला की ट्यूब त्यांना लांब नेणार. अशा तीन ओळी, तीन पॅनेलं, आणि तिन्ही ओळींच्या मोटरींना आडवी बांधलेली स्पंजची पट्टी. सगळं मिळून हे आमचं "जेल".

खऱ्या रेणूत खालच्या अर्ध्यालाही दोन साखळ्या असतात आणि त्यांनाही पीळ पडतो. माझ्याकडे ती बाजू चॅनेलला स्क्रूने जखडलेली आहे. हे कार्डावर लिहिणार.

गच्चीवर नेऊन उन्हात ठेवलं. एक आणि तीन नंबरची ओळ मस्त पिळायला लागली. दोन नंबरच्या मोटरी दोन्ही फिरतायत, दोरीची जोडीही फिरतेय, पण पीळ नाही. ८ जानेवारीच्या बाटलीसारखी नुसती गोल गोल. ताण बघितला, चकती बघितली, पॅनेल बदलून बघितलं. पाऊण तास गेला.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आई आणि काकू चादरी वाळत घालत होत्या. मोठी सोलापुरी चादर, एकटीला पिळायची नाही, म्हणून दोघींनी दोन टोकं धरलेली. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "आरं, त्यातलं एक येडं उलटं फिरतंय."

बघितलं, तर खरंच. दोन नंबरच्या एका मोटरीच्या तारा मी उलट जोडल्या होत्या. आईला कसं कळलं, तर ती रोज तेच करते. समोरासमोर उभ्या दोघींनी आपापल्या उजव्या हाताला पीळ घातला तर चादर पिळली जाते. एकीने उजवीकडे, दुसरीने डावीकडे घातला तर चादर दोघींच्या मधे नुसती लोळते आणि पाणी आतच राहतं.

मी तिथेच खाली बसलो. ही गोष्ट मी वर्गात कायम कोरड्या शब्दांत सांगत आलोय, की मोटरी सगळ्या एकाच हाताच्या लागतात. रेणू डावा किंवा उजवा असतो, आणि तो त्यावरून कुठल्या बाजूला फिरणार ते ठरतं. डावे-उजवे मिसळले तर जिथे दोन विरुद्ध हातांचे समोरासमोर आले तिथे साखळ्या नुसत्या फिरणार, पीळ पडणार नाही. आणि एकाच हाताचे असले तर कुठला कुठल्या दिशेला तोंड करून बसलाय याची फिकीर करायला नको, जेलमध्ये तर ते कसेही पडलेले असतात. उजवा स्क्रू कुठूनही बघा, उजवाच. आईने उजवीकडे पीळ घातला आणि काकूनेही तिच्या उजवीकडे, तर दोघींचा पीळ एकाच जातीचा.

चादरीतून पाणी निथळत होतं तेही बघून घेतलं. जेलमध्येही तेच. जेल म्हणजे साखळ्यांचं विरळ जाळं आणि मधे भरलेला द्राव. जाळं आवळलं गेलं की द्राव बाहेर पडतो, म्हणून आकार कमी होतो. साखळ्या कुठे नाहीशा होत नाहीत.

तारा उलटवल्या. दोन नंबरची ओळ चालू. ऊन उतरेपर्यंत तिन्ही ओळी आवळून स्पंजला मधे पोट आलं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

किती ओढते ते बघायचं होतं. एका ओळीची एक मोटर जखडली, दुसरीच्या मागे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटा. काटा ३ किलोपर्यंत गेला आणि प्लायवूडमधून आयहूक उपटून काट्यासकट माझ्या गुडघ्यावर. दहा ग्रॅमची मोटर! फेऱ्या भरपूर, आकसणं थोडं, म्हणून जोर एवढा. पाचर ठोकताना जे होतं तेच इथेही होतं.

३० फेऱ्यांपुढे गेलं की दोरी सरळ राहत नाही. मधेच उसळून बाजूला कडी पडते, मग कडीवर कडी. अंथरुणातल्या इयरफोनसारखी. तीही आकसण्यात भरच घालते, पण ओबडधोबड. खऱ्या प्रयोगातही पीळ असाच वाढत वाढत जातो आणि शेवटी जेल कोसळतं. कारण मोटरीला थांबायचं माहीत नाही. प्रकाश आहे तोवर ती फिरणार.

आयहूकऐवजी आरपार नट-बोल्ट लावले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरं कार्ड ग्रोनिंगेनचं. २००६ मध्ये द्रवस्फटिकाच्या (लिक्विड क्रिस्टलच्या) पातळ थरात एक टक्का मोटरी मिसळून त्यावर ठेवलेली २८ मायक्रोमीटरची काचेची काडी त्यांनी प्रकाशाने फिरवून दाखवली. आणि २०१८ मध्ये मोटरींच्या रेणूंचे आपोआप एकत्र येणारे तंतू करून, ते कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणात सोडून त्यांचा धागाच काढला. शेवया पाडतात तशा. या धाग्यात ९५ टक्के पाणी, तरी प्रकाशाकडे वाकतो आणि ०.४ ग्रॅम वजन उचलतो. इथे पीळ नाही. रेणूचा आकार बदलला की तंतूंची रचना एका बाजूने बदलते आणि धागा तिकडे वळतो. स्ट्रासबर्गचा रस्ता वेगळा, हा वेगळा. मला मनापासून पहिला आवडतो, कारण त्यात मोटर खरंच मोटरीसारखी, फेरीवर फेरी मारत राबते. दुसऱ्यात ती स्विचासारखी वागते. पण धागा दिसायला देखणा आहे, हे मान्य.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. व्हरांड्यात सकाळी साडेनऊला ऊन आलं, पावणेदहाला जेल हललं. हॉलमधला ज्वालामुखी आणि पवनचक्की यांच्याकडे गर्दी. आमच्याकडे आधी कुणी फिरकेना. मग एका पोराने पॅनेलवर हाताची सावली धरून मोटर थांबते हे शोधून काढलं आणि रांगच लागली. सावली धरा, थांबवा, काढा, चालवा. मोबाईलचा टॉर्च मारणारेही होते. त्याने काही हलेना. "सर, बंद पडलंय." बंद नाही रे, उपाशी आहे. हे सांगायला मजा आली. २३ जानेवारीची रात्र वसूल.

साडेअकराला सातवीतली एक मुलगी बराच वेळ पॅनेलवर वही धरून उभी. मी म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, "सावली केली की थांबतंय. पण उलटं का फिरत नाही? परत मोठं कसं होणार?"

मी गिअरबॉक्सचं सांगितलं. मोटरीचे दाते उलट फिरू देत नाहीत, म्हणून पीळ धरून राहतो. रेणूतही दुहेरी बंध तेच करतो, अंधारात तो माघारी फिरू देत नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, "मग हे एकदाच वापरायचं?"

खरं तर माझ्या कार्डावर याचं उत्तर नव्हतं. दर प्रयोगानंतर मी बॅटरी उलटी लावून पीळ काढायचो, तेही टेबलाखाली, कुणाला न दिसेल असं. तिला तेच दाखवलं. "म्हणजे तुम्ही काढता," म्हणाली आणि ज्वालामुखीकडे गेली.

२ मार्च, रविवार

स्ट्रासबर्गच्या लोकांनाही यात दोन वर्षं गेली. २०१५ चं जेल पिळायचं, उलगडायचं नाही. २०१७ मध्ये त्यांनी जाळ्यात दुसऱ्या जातीचा रेणू घातला. त्याच्या मधला भाग अतिनील प्रकाशात मिटतो आणि घट्ट होतो, साध्या दिसणाऱ्या प्रकाशात उघडतो. उघडला की त्यातल्या एकेरी बंधांभोवती मोकळं फिरता येतं आणि साठलेला पीळ तिथून निसटतो. मोटर काही उलटी फिरत नाही. अतिनील टाका, पिळतं. दृश्य प्रकाश टाका, सुटतं. मोटर तीच, वाट वेगळी ठेवली.

हे डोक्यात घोळवत गोठ्यात गेलो. तात्या म्हशीचं दावं सोडत होते. मी सगळं सांगितलं, दोरी, पीळ, सुटत नाही. त्यांनी दावं माझ्यापुढे धरलं. "आरं, मग भवरकडी लाव की."

म्हैस खुंट्याभोवती दिवसभर फिरते, तरी दाव्याला पीळ पडत नाही. कारण मधे लोखंडाची भवरकडी असते, तिचे दोन भाग एकमेकांत फिरतात. लहानपणापासून हातात धरलीय मी ती. स्ट्रासबर्गचा तो रेणू म्हणजे अशी भवरकडी, जिला उजेडाने कुलूप लागतं आणि उजेडानेच निघतं.

तात्यांकडे जुनी एक पडलेली होती, गंजकी. त्यांनी तिला गोडेतेल घातलं, दोन-चारदा फिरवली, कापडाने पुसली. "म्हशीला चालती, तुझ्या मोटरीला का चालायची नाही?"

९ मार्च, रविवार

मधल्या ओळीत भवरकडी बसवली. दोरीची जोडी मधे तोडली, दोन्हीकडे छोट्या पट्ट्या, पट्ट्यांच्या मधे भवरकडी. कुलूप म्हणून तिच्या दोन्ही भागांतून आरपार जाणारा सायकलच्या तारेचा तुकडा. भोक पाडायला लोहाराकडे जावं लागलं, माझ्या ड्रिलने गंजावर ओरखडासुद्धा येईना.

तार काढून ठेवली: मोटरी फिरतात, भवरकडी फिरते, पीळ शून्य. तार घातली: दोन्ही अर्ध्यांना पीळ, १५ फेऱ्या इकडे, १५ तिकडे. पॅनेल झाकलं. तार ओढली.

भर्रकन आवाज झाला. भवरकडी दिसेनाशी झाली एवढ्या वेगाने फिरली, ट्यूबने दोन्ही मोटरी बाहेर खेचल्या, आणि मग एकदम थांबली. मोजलं तर सहा-सात फेऱ्या शिल्लकच. ताण कमी झाला की गंजाचं घर्षण जिंकतं. तेल घालून बघितलं, पाच राहिल्या. तात्या म्हणाले, "सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई, हा तर नुसता सुटलाय." पाच फेऱ्यांचं आकसणं पायथागोरसप्रमाणे दोन मिलिमीटरही भरत नाही, म्हणून सोडून दिलं.

माझ्यात आणि खऱ्यात फरक लिहून ठेवतो. तिथे मोटर आणि भवरकडी एकाच वेळी काम करू शकतात. दोन्ही प्रकाश एकत्र टाकले तर एकीकडून पीळ येत राहतो, दुसरीकडून जात राहतो, आणि दोन्ही प्रकाशांचं प्रमाण बदलून जेल किती आकसलेलं राहील ते ठरवता येतं. माझी तार आत तरी असते नाहीतर बाहेर. मधलं काही नाही.

त्या सातवीतल्या मुलीला दाखवायचंय. वर्गशिक्षिकांना निरोप दिला. होळीनंतर घेऊन येते म्हणाल्या.

१३ मार्च, गुरुवार

होळी. फळी प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवून कुलूप लावलं. तिन्ही ओळी सोडवलेल्या, मधल्या ओळीत तार घातलेली.

१७ मार्च, सोमवार

सकाळी कुलूप काढलं. मुलगी वर्गशिक्षिकांबरोबर दारात उभी. खिडकी पूर्वेची, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही देव जाणे. तीन दिवस सकाळचं ऊन थेट पॅनेलांवर.

एक नंबरच्या ओळीत दोरीची गुंडाळी लिंबाएवढी झालेली, मोटरी एकमेकींना चिकटून. तीन नंबरचा बोल्ट फळीतून निघाला नाही, पण फळीच त्या ठिकाणी फाटली, वरचा पापुद्रा उचलून आलाय. स्पंज दोन ठिकाणी फाटलेला. मधल्या ओळीत भवरकडी तिरकी आणि तार वाकून अडकलेली, ओढली तरी निघेना.

मुलगी सगळं वाकून बघत होती. "सर, सुट्टीत कुणी चालवलं हे?"

"कुणी नाही. झाकायचं राहिलं."

तिने तारेचं टोक पकडीने धरलं, मी भवरकडी धरली. दोन-तीन हिसक्यांनंतर तार निघाली. भवरकडी फिरली, सावकाश, कुरकुरत, बारा-तेरा फेऱ्या. मुलगी मोजत होती, तिच्या मोजणीत चौदा.

पॅनेलांवर वर्तमानपत्र टाकलं. आणायचं: प्लायवूड १२ मिमी, स्पंज, दोरी ५ मीटर, आणि पॅनेलांना कापडाचं झाकण.